पांढरी एक दाबली की खाली पांढरी दोन घुमते

घरीच सिंथ (सूर काढणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य) बनवतोय. मागच्या वेळी ईएसपी32 या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर साइन, म्हणजे गुळगुळीत लहर, वाजली, तिथे थांबलो होतो. या महिन्यात सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दातांसारखी लहर, घेतली आणि दोन आठवडे हम (खालचा घुमणारा आवाज) शोधण्यात गेले. लाईनचा नव्हता, माझाच होता.

आधी ऑसिलेटर, म्हणजे लहर काढणारा भाग, कसा केलाय ते. आत कॉइल-कपॅसिटर काही नाही, नुसता एक 32 बिटचा आकडा. सेकंदाला 44,100 वेळा त्यात ठरलेली भर घालायची, दर वेळी आवाजाचं एक सॅम्पल मिळतं. जुन्या स्कूटरचा मीटर 99999 नंतर पाच शून्यांवर येतो, तसा हा आकडा 4,29,49,67,295 ओलांडला की परत शून्यापाशी येतो. एक फेरा म्हणजे एक आवर्तन. 440 हर्ट्झसाठी भर 4,28,52,281. सूर बदलायचा तर एवढी भर बदलायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. साइन हवी असेल तर आकड्याचे वरचे 11 बिट घेऊन 2048 खान्यांच्या टेबलातून किंमत उचलायची आणि उरलेल्या 21 बिटांवरून दोन खान्यांमधली किंमत काढायची. सॉटूथला टेबलही लागत नाही. तो आकडाच सॉटूथ आहे, चढत चढत जातो आणि धपकन पडतो. फुकटात लहर मिळाली म्हणून मी खूश.

खालची सप्तकं झकास वाजली. पण 61 पट्ट्यांच्या कीबोर्डची शेवटची पट्टी (पेटीच्या भाषेत पांढरी एक), 2093 हर्ट्झ, दाबली की खाली काहीतरी घुमायचं. मोबाइलच्या स्पेक्ट्रम ॲपवर 147 ला सुळका. लाईन 50 हर्ट्झची, तिची तिप्पट 150, म्हणजे इन्व्हर्टरच! मधला तीनचा फरक मी ॲपच्या माथी मारला. अर्थिंग नव्याने ओढलं, सप्लायवर 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. हम तसाच.

मग एका संध्याकाळी परभणीच्या रिवाजाप्रमाणे लाईन गेली. इन्व्हर्टर बंद केला, सगळं पॉवर बँकेवर घेतलं, तरी घुमतंय. तेवढ्यात समोरचे आप्पा पेटी घेऊन भजनाला निघाले होते, ते दारात थांबले. "वर पांढरी एक लावलीस, मग खाली पांढरी दोन कोन धरून बसलंय रे?" मी म्हटलं, "आप्पा, लाईनचा आवाज आहे तो." ते म्हणाले, "लाईन तर गेली की." आणि ओट्यावर बसून पेटीची पांढरी दोन दाबून दाखवली. जुळली.

आप्पा गेल्यावर मी शेजारची, खालच्या सप्तकातली पांढरी सात दाबली. सूर अर्धी पायरी खाली आला, पण घुमणं खाली जायच्या ऐवजी उडी मारून 638 ला गेलं. पट्टी बदलली म्हणून लाईनचा हम जागा बदलत नाही. म्हणजे घोळ कोडमध्ये.

मग वहीवर भागाकार केला. 44,100 भागिले 2093, भाग 21 आणि बाकी 147. दर फेऱ्याला 21.07 सॅम्पल लागतात, पण सॅम्पल काही तुकड्यात मिळत नाही. त्यामुळे बहुतेक फेरे 21 चे आणि मधूनच एखादा 22 चा. असे लांबलेले फेरे सेकंदाला बरोबर 147. कान तेच ऐकत होता! पुस्तकी भाषेत हेच अलियासिंग: 21 वा हार्मोनिक (मूळ सुराच्या 21 पट सूर) 43,953 हर्ट्झवर, निम्म्या सॅम्पल रेटच्या, म्हणजे 22,050 च्या, कितीतरी पलीकडे, म्हणून तो दुमडून 147 वर येतो. 20 वा 2240 वर येऊन मूळ सुराला घासतो, ती खरखर वेगळीच. मला विचाराल तर दुमडण्यापेक्षा लांबलेल्या फेऱ्याचा हिशोब डोक्यात पक्का बसतो.

उपाय म्हणून पॉलीब्लेप नावाची दुरुस्ती घातली. आकडा पडतो तिथे, अलीकडचं आणि पलीकडचं अशी दोनच सॅम्पल थोडी दुरुस्त करायची. ही पडायची कडा नेमकी दोन सॅम्पलच्या मध्ये कुठे आली ते आकड्यावरूनच कळतं. पहिल्यांदा वजा करायचं तिथे अधिक केलं आणि आवाज आधीपेक्षा भयाण झाला. चिन्ह बदलल्यावर 147 चा सुळका ॲपवरून गेला. अगदी वरच्या टोकाला थोडा कचरा अजून आहे, पण माझ्या कानांना चालतो.

दर सप्तकाला मोजक्याच हार्मोनिकचं वेगळं टेबल करणं हा दुसरा रस्ता. पण टेबल सप्तकातल्या सगळ्यात वरच्या सुराला बेतून करावं लागतं. शेवटच्या पट्टीला 22,050 च्या आत 10 हार्मोनिक बसतात, पण ती तिच्या सप्तकातली सगळ्यात खालची, म्हणून तिच्या वाट्याला 5 च येतात आणि ती मेंगळट वाजते. सप्तकाचे तीन भाग केले तर जमेल, पुढे बघू. (1983 च्या यामाहा डीएक्स7 या सिंथमध्ये सहाही ऑपरेटर, म्हणजे ऑसिलेटर, साइनचेच होते. साइनला कडाच नाही, पण एफएम, म्हणजे एका लहरीने दुसरी हलवणं, ताणलं की तिथेही दुमडतंच.)

आता स्क्वेअर घेतोय. तिला एका फेऱ्यात दोन कडा, म्हणजे दुरुस्तीही दोनदा. 470 चा कपॅसिटर मात्र काढलेला नाही, सोल्डरिंग पहिल्यांदाच इतकं चकचकीत जमलंय.