पोस्टग्रेस टाकलं, पण आत कसं शिरायचं?

उबुंटू लिनक्सवर पोस्टग्रेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर टाकलं की पुढचा अर्धा तास माणूस गुगलवर त्याचा डिफॉल्ट पासवर्ड शोधतो, आणि तो मुळात नसतोच. विंडोजचा इन्स्टॉलर निदान सुरुवातीलाच पासवर्ड टाकायला लावतो, इथे कोणी काही विचारत नाही, गुपचूप 'पोस्टग्रेस' नावाचा एक युजर सिस्टिममध्ये आणि त्याच नावाचा एक डेटाबेसमध्ये तयार होतो, बिनपासवर्डाचा.

मावसबहिणीचं परवा हेच झालं, टीवायचा प्रोजेक्ट, लॅपटॉप तिच्या मोठ्या भावाचा. नुसतं पीएसक्यूएल, म्हणजे टर्मिनलवरून पोस्टग्रेसमध्ये शिरायची कमांड, मारलं तर 'रोल डझ नॉट एक्झिस्ट' (रोल म्हणजे डेटाबेसमधला युजर), कारण ते तुमच्या लिनक्सच्या लॉगिनच्या नावानेच आत जायला बघतं. पोस्टग्रेसचं नाव देऊन गेली तर 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड'. आता इथे पासवर्डचा काही संबंधच नाहीये, पीअर म्हणजे डेटाबेस थेट ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो की दारात कोण उभाय, नाव जुळलं तर ये नाहीतर चालता हो. म्हणून सिस्टिमचा पोस्टग्रेस युजर बनूनच जायचं, 'सुडो हायफन यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल', झालं, आत. मग आपल्या नावाचा रोल करायचा, लॉगिनची परवानगी आणि पासवर्ड द्यायचा, आणि त्याच नावाचा डेटाबेस पण, नाहीतर लगेच 'डेटाबेस डझ नॉट एक्झिस्ट' म्हणून बोंबलतो.

तिच्या ग्रुपवर कोणीतरी अक्कल पाजळली होती की पीजी-एचबीए फाइलमध्ये, म्हणजे कोणाला कसं आत घ्यायचं ते जिथे लिहिलेलं असतं तिथे, सगळीकडे ट्रस्ट लिही. अजिबात नको! मग सगळे अधिकार असलेला सुपरयुजर म्हणूनसुद्धा कोणीही पासवर्डशिवाय घुसतो. शिवाय ती फाइल वरून खाली वाचली जाते, पहिली जुळणारी ओळ लागू, ती फेल झाली तर पुढची बघत पण नाही, त्यामुळे शेवटी ओळ चिकटवून काही होत नाही. आणि बदल केला तर रीलोड लागतो, म्हणजे पोस्टग्रेसला ती फाइल परत वाचायला लावायची, हे सगळे विसरतात.

खरी गंमत पुढेच. टर्मिनलवर सगळं चालतंय आणि पायथनमधून मात्र 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड'. ती बिचारी परत परत पासवर्ड बदलतेय. म्हटलं लॉग उघड, व्हार-लॉगमध्ये पोस्टग्रेसक्यूएलचं फोल्डर असतं. तिथे त्याच एररखाली बारीक डिटेल, असा रोलच नाही! बाहेरच्याला नावं कळू नयेत म्हणून पोस्टग्रेस मुद्दाम पासवर्डचंच कारण सांगतं, खरं काय ते लॉगमध्ये लिहितं. मशीनवरचे सगळे पोस्टग्रेस आणि त्यांचे पोर्ट दाखवणारी पीजी-एलएसक्लस्टर्स कमांड मारल्यावर उलगडलं, भावाचं जुनं १४ व्हर्जन ५४३२ पोर्टवर बसलेलं, हिच्या १६ ला ५४३३ मिळालेला. पीएसक्यूएल आपलं ५४३२ कडे जात होतं, रोल तिकडे झाला, आणि कोडमध्ये हिने ५४३३ लिहिलेला.

पोर्ट देऊन १६ मध्ये रोल आणि डेटाबेस परत केला, चाललं. १४ ला हात लावलेला नाही, त्यात भावाचे टेबल आहेत आणि साहेब फोन उचलत नाहीयेत.