किल्ले सोडून पडक्या भिंती का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इथे स्कॉटलंडमध्ये, इन्व्हरनेसला आमच्याकडे उतरलेला प्रत्येक पाहुणा हे एकदा तरी विचारतोच: "अहो, एवढा किल्ल्यांचा देश, आणि तुम्ही आम्हाला गाडीतून इतक्या लांब नेऊन पडक्या भिंती काय दाखवता?"

त्या भिंती बॅडबे नावाच्या उजाड गावाच्या. स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाला केथनेस, त्यातल्या लॅथरन पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या मुलखाचा, हा दक्षिणेकडचा कोपरा. किनारा म्हणजे नुसते उभे कडे. मधूनच एखादी नदी कडा फोडून समुद्राला मिळते. बेरीडेल, डनबीथ अशाच मुखांशी वसलीत. पूर्वी माणसं आत राहायची, लँगवेलसारख्या खोऱ्यांत, वाऱ्याच्या आडोशाला.

लँगवेलचे जमीनदार होते सर जॉन सिंक्लेअर. मोठा चौकस माणूस. 'स्टॅटिस्टिक्स' हा शब्द इंग्रजीत रुजवला तो यांनीच. 1790 मध्ये त्यांनी स्कॉटलंडभरच्या पॅरिशांतल्या पाद्र्यांना 160 च्या वर प्रश्न धाडले: माणसं किती, गुरं किती, पीक काय, हवा कशी. लोकांच्या सुखाचं माप काढायचंय, म्हणे. उत्तरांचे 21 खंड निघाले. आणि त्याच सुमाराला याच गृहस्थांनी लँगवेलच्या खोऱ्यात चेव्हिअट जातीच्या मेंढ्या आणल्या. मेंढीत पैसा होता, कुळांत नव्हता. कुळं उठली ती थेट कड्यावर आली.

बॅडबे ते हे. उताराची, दगडगोट्यांची जमीन. दगड वेचायचे, त्यांचीच घरं रचायची, उरलेल्या तुकड्यात काय पिकेल ते पिकवायचं आणि समुद्रावर जायचं. वारा असा, की आया कामाला लागल्या की गुरांबरोबर पोरांनाही दाव्याला बांधत, असं सांगतात. मला ही अतिशयोक्ती वाटायची. मग गेल्या एप्रिलमध्ये भावजय आली होती. तिने पाच वर्षांच्या लेकाचं जॅकेट मागून मुठीत धरलं ते परत गाडीत बसेपर्यंत सोडलं नाही. तिला दाव्याचं मी अजून सांगितलंही नव्हतं.

हळूहळू लोक पांगले, काही पार न्यूझीलंडला गेले. तिथे गेलेल्या एकाच्या मुलाने 1911 मध्ये इथे दगडी स्मारक उभारलं. गाव तोवर रिकामं झालंच होतं.

किल्लाच हवा असेल तर पुढे डनबीथला आहे, कड्यावर, पांढराशुभ्र. दाखवते तोही, लांबून. चहाचा थर्मास मी घेईन, कानटोपी तेवढी तुम्ही आणा.