१३ मार्चचा रविवार, ल्विव

मी न्यूज चॅनेलमधे कॅमेरामन आहे, गाव वसई, घरचे सगळे कॅथलिक. मार्च २०२२ मधे ऑपरेशन गंगा, म्हणजे युद्धात अडकलेल्या भारतीयांना परत आणायची सरकारी मोहीम, कव्हर करायला आम्हाला युक्रेनला पाठवलं होतं, मी आणि एक रिपोर्टर. सुमी शहरात अडकलेली आपली पोरं १० तारखेला ट्रेनने पश्चिमेकडच्या ल्विवला आली, तिथून पोलंडला गेली आणि आमची मेन स्टोरीच संपली. डेस्क म्हणालं थांबा अजून, बघू काय मिळतं. शनिवारी रात्री फोन आला, "भाई, कल संडे है, चर्च-वर्च का एक इमोशनल पॅकेज बना दो, सब लोग मिलके शांती की प्रार्थना कर रहे हैं टाइप". म्हटलं सोपं काम आहे, चर्च म्हणजे आपलं घरचंच.

पहाटे अंधारातच सायरन. हॉटेलच्या बेसमेंटमधे सगळे ब्लँकेट घेऊन, कोणी जॅकेटवर जॅकेट घातलेलं, एका बाईच्या मांडीवर मांजराचा पिंजरा, आणि एकेकाच्या फोनवर यायला लागलं की यावोरिवला मिसाईल पडली. यावोरिव म्हणजे शहराबाहेरचं लष्कराचं मोठं ट्रेनिंग सेंटर, पोलंडची बॉर्डर तिथून जेमतेम २५ किलोमीटर. तिथले लोक त्याला नुसतं पोलिगॉन म्हणतात. तोपर्यंत सगळे धरून चालले होते की ल्विव म्हणजे सेफ, युद्ध तिकडे पूर्वेला. त्या आठवड्यात महापौर सदोव्ही म्हणाले होते की शहरात बाहेरून आलेली दोन लाख माणसं आहेत, ती सगळी याच भरवशावर आलेली.

आम्ही यावोरिवला निघालो तर चेकपोस्टवरूनच परत पाठवलं, कॅमेरा वर सुद्धा करायचा नाही म्हणाले. मग राहिलं चर्चचं पॅकेज.

पहिलं गॅरिसन चर्च, संत पीटर आणि पॉलचं. मूळ जेझुइट लोकांनी बांधलेलं, सोव्हिएत काळात तिथे पुस्तकांचं गोडाऊन होतं, २०११ ला परत उघडलं ते सैनिकांचं चर्च म्हणून. शुक्रवारीच आम्ही तिथे तीन शवपेट्या शूट केल्या होत्या, एका रांगेत ठेवलेल्या, तिन्ही सैनिक. आत २०१४ पासून पूर्वेकडच्या डोनबासमधे लढताना मेलेल्यांचे फोटो लावलेत, म्हणजे आपल्याला हे युद्ध तीन आठवड्यांचं वाटत होतं पण त्या भिंतीला आठ वर्षांचं.

हे ग्रीक कॅथलिक चर्च आहे. आपल्याकडे केरळात सिरो-मलबार आहेत ना, तसं समजा, पोपला मानतात पण उपासना पूर्वेकडच्या पद्धतीची, आणि यांच्यात फादर लग्न केलेला सुद्धा असू शकतो. ऑर्गन नाही, बाजा नाही, नुसते गळे. "होस्पोदी पोमिलुय", म्हणजे प्रभू दया कर, हे परत परत परत, आणि मागची माणसं नकळत खालच्या सुरात जोड देतात. मी हेडफोन लावून ऑडिओ लेव्हल बघत होतो आणि मला काटा आला, खरं सांगतो, आणि मी काही फार भाविक वगैरे नाही.

तिथेच एक गंमत झाली. ट्रायपॉड लावायच्या आधी सवयीने मी क्रूसाची खूण केली, आपली, डाव्या खांद्यावरून उजवीकडे. बाजूला डोक्याला रुमाल बांधलेली एक आज्जी उभी होती, तिने माझं मनगट धरलं, मान हलवली, आणि हात उचलून आधी उजव्या खांद्याला लावला मग डाव्या. काही बोलली नाही, परत आपली वेदीकडे बघायला लागली. वसईला आमच्या कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, टीचरही अशाच होत्या, फक्त त्या चापट मारायच्या.

बाहेर आलो तर ल्विव प्रांताचे गव्हर्नर कोझित्स्की यांचा यावोरिवचा आकडा आला होता. ९ मृत, ५७ जखमी.

मग टेकडीवरचं संत यूराचं कथेड्रल, यूर म्हणजे जॉर्ज. वर घोड्यावर बसलेला, ड्रॅगनला मारणारा पुतळा, १८ व्या शतकातलं बांधकाम. आमची फिक्सर, म्हणजे स्थानिक मदतनीस, इथलीच, कॉलेजची मुलगी, तिने गाडीत सांगितलं की १९४६ ला स्टालिनच्या काळात याच जागी एक सभा भरवून आमचं चर्च कागदोपत्री संपवलं, ऑर्थोडॉक्समधे विलीन केलं म्हणून जाहीर केलं. पुढे १९८९ पर्यंत फादर लोक लपून उपासना करायचे, तिच्या आजीचं लग्न म्हणे किचनमधे लागलं होतं, पडदे ओढून. आमचा रिपोर्टर म्हणाला, पण दोन्हीकडे ख्रिश्चनच आहेत ना, मग हे भांडण कसलं? ती हसली सुद्धा नाही. म्हणाली मागच्या रविवारी मॉस्कोत रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचा प्रमुख पॅट्रिआर्क किरिल काय बोलला ऐकलंत का, गे परेडचा विषय काढून त्याने या युद्धाला धर्माचं कारण जोडून दिलं. युक्रेनमधली जी ऑर्थोडॉक्स चर्च त्याच्याशी जोडलेली होती त्यातल्याही बऱ्याच ठिकाणी प्रार्थनेत त्याचं नाव घेणं बंद झालंय. आणि युक्रेनमधलं दुसरं ऑर्थोडॉक्स चर्च तर २०१९ पासून मॉस्कोपासून वेगळंच आहे. "सब लोग मिलके" सांगणारा माणूस नॉएडात बसलेला, त्याला हे कोण सांगणार.

कथेड्रलमधे मागच्या बाकांपाशी ट्रॉली बॅगा. हे मात्र मला त्या दिवशी सगळीकडे दिसलं, पंथ कुठलाही असो, दाराजवळ बॅगा आणि बॅगांवर झोपलेली पोरं. खारकिव, कीवकडची माणसं. त्यातल्या कितीतरी जणांना या चर्चमधे कधी उठायचं कधी गुडघे टेकायचे माहीत नव्हतं, बाजूच्याकडे बघून करत होते, माझ्यासारखेच.

तिथून जुन्या शहरात. रस्ते दगडी, पारा शून्याखाली, पाठीवर लाईव्हचं युनिट आणि वर ते प्रेस लिहिलेलं बुलेटप्रूफ जॅकेट, खांदे निघून आले. रिनोक चौकात चार कारंजी आहेत, नेपच्यून, डायना वगैरेंचे पुतळे, ते सगळे कापडात गुंडाळून भोवती परांची बांधलेली. आर्मेनियन कथेड्रल तिथून जवळ, गल्लीत, १३६३ चं. अंधारं, छोटं, भिंती चित्रांनी भरलेल्या. तिथला लाकडी येशू आठवडाभर आधी खाली उतरवून बंकरमधे नेला होता, चार-पाच माणसांनी आडवा उचललेला तो फोटो जगभर फिरला, तुम्हीही बघितला असेल. असं याआधी म्हणे दुसऱ्या महायुद्धातच केलं होतं. मला आमच्या घंटा आठवल्या. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला तेव्हा चर्चच्या घंटा उतरवून नेल्या, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला. आम्ही शाळेच्या सहलीला नाशिकला गेलो तेव्हा गाईड ती अभिमानाने दाखवत होता आणि आम्ही वसईची पोरं एकमेकांकडे बघत होतो. युद्धात देवाच्या वस्तू एकतर कोणीतरी नेतं नाहीतर आपणच लपवतो. तिथे मी फार शूट केलं नाही, उजेडच नव्हता.

शेवटचं लॅटिन कथेड्रल, म्हणजे रोमन कॅथलिक, आपल्यासारखं. बाहेरच्या भिंतीला जुन्या वेढ्यातले तोफगोळे टांगून ठेवलेत आणि रंगीत काचांवर आता बाहेरून पत्रे ठोकलेले, त्यामुळे आत भरदुपारी संध्याकाळ. इथे पोलिश आणि युक्रेनियन दोन्ही भाषांत मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, होते, आम्ही युक्रेनियनला पोचलो. लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, दुसरा रविवार, वाचन डोंगरावर येशूचं रूप पालटतं ते. भाषेचा एक शब्द कळत नव्हता पण कुठे काय चाललंय ते सगळं कळत होतं, तेच वाचन त्या दिवशी वसईला मराठीत झालं असणार.

प्रवचन चालू असताना फोन उजळायला लागले. एक, मग दोन बाक सोडून दुसरा, मग तिसरा. सायरनचं अ‍ॅप नव्हतं, ते वाजतं. ही बातमी होती. फिक्सरने फोन माझ्यासमोर धरला, ३५ मृत, १३४ जखमी. ९ चे ३५. फादरना कळलं होतं की नाही माहीत नाही, ते बोलत राहिले. माझ्या पुढच्या बाकावरची एक बाई उठली, बॅग घेतली, परत बसली, परत उठली, आणि बाकाच्या पाठीला धरून तशीच उभी राहिली. मी झूम केलं. विचार वगैरे काही नाही, हात आपोआप जातो, पंधरा वर्षांची सवय आहे. फिक्सर कानात म्हणाली, बंद कर, तिचा भाचा पोलिगॉनवर आहे, आत्ता ती बाजूच्या बाईला सांगत होती. मी बंद केलं, पण फ्रेम मिळाल्यानंतर.

तो शॉट मी पाठवला. हे लिहिताना मला काही बरं वाटत नाहीये पण पाठवला. दीड मिनिटाच्या पॅकेजमधे तोच सगळ्यात जास्त चालला, खाली व्हायोलिन टाकून, स्लो करून. आज्जी नाही, बॅगा नाहीत, होस्पोदी पोमिलुय सुद्धा काढलं. फिक्सर संध्याकाळपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलली आणि मी सॉरी म्हटलं तर म्हणाली, मला नको, तिला म्हण. आता तिला कुठे शोधणार?

दुपारनंतर आणखी दोन बातम्या आल्या. पोप फ्रान्सिस यांनी रोममधे, देवाच्या नावाने सांगतो हा नरसंहार थांबवा, असं म्हटलं, आणि आपल्या परराष्ट्र खात्याने भारतीय दूतावास तात्पुरता पोलंडला हलवत असल्याचं जाहीर केलं. आमच्या डेस्कने अर्थातच दुसरी घेतली.

रात्री घरी फोन लावला, वसई साडेतीन तास पुढे, आई जागीच होती. तिने टीव्हीवर बघितलं होतं सगळं. कसा आहेस, जेवलास का, हे झालं आणि मग दर रविवारचा प्रश्न, मिस्सा चुकवली नाहीस ना?

म्हटलं आई, आज चार झाल्या.

"पूर्ण?"

एकही नाही, म्हटलं, प्रत्येक ठिकाणी मधूनच निघालो.

"मग त्या धरत नाहीत," आई म्हणाली, आणि फोन वडिलांकडे दिला.