"देत नाही असं नाही"

मी पुण्यात एका छोट्या संस्थेत काम करते, ज्येष्ठांच्या घरी जाऊन औषधं, श्रावणबाळ पेन्शनचे कागद, घरात कसं चाललंय ते बघायचं. दिवसाला पाच-सहा घरं, पर्वती पायथा, दांडेकर पूल, जनता वसाहत, आणि मग ऑफिसात बसून सगळ्यांचे व्हिजिट रिपोर्ट टाइप करायचे, रात्रीचे नऊ तिथेच. म्हणून मी गुपचूप एका एआय ॲपला बोलून नोट्स द्यायला लागले, अर्ध्या तासात काम खल्लास. खोटं कशाला बोलू, स्वर्ग वाटला!

एका आजींनी सांगितलं होतं, "सून जेवायला देत नाही असं नाही गं, पण ताट सरकवते आणि निघून जाते, बोलत नाही." रिपोर्टमध्ये आलं, सून जेवायला देत नाही. मी न वाचताच पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली काही करायचं का, ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला, १४५६७ एल्डरलाइनला कळवायचं का. रेकॉर्डिंग परत ऐकलं तेव्हा घामच फुटला, त्या सूनबाईंच्या दारात पोलीस उभे राहिले असते.

मीटिंगमध्ये कबूल केलं तर अजून तिघी म्हणाल्या, आम्हीपण वापरतो. मग नियम करायचं ठरलं. पहिला मसुदा एकाने एआयकडूनच लिहून आणला, चौदा पानी, कुणी वाचला नाही. दोन महिने वाद घालून एक पान झालं, ते चहाच्या टेबलावर चिकटवलंय.

सगळ्यात जास्त वाद नावावरून. ॲपला देताना आजी-आजोबांचं नाव गाळलं की झालं, असं मला वाटायचं. पण "पर्वती पायथा, रिटायर्ड मराठीच्या बाई, मुलगा दुबईत" एवढं लिहिलं तरी अख्खी गल्ली ओळखेल की! आता फक्त "सत्तरीपुढच्या बाई, कुटुंबासोबत" एवढंच जातं, आणि ॲपमधलं आपला मजकूर एआयला शिकवायला वापरायचं सेटिंग बंद. संस्थेकडे येणाऱ्या मुलांच्या केसेस अजिबात नाही, त्यांची ओळख उघड झाली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, तिथे प्रयोग नकोतच. देणगीदारांची पत्रं, ट्रेनिंगचं वेळापत्रक, यासाठी खुशाल वापरा.

संमतीचा फॉर्म २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावरून केला होता, पण आजींना वाचून दाखवला तर त्या झोपल्या. आता तोंडीच विचारतो, मशीनकडून लिहून घेऊ का, नको म्हणालात तर हाताने लिहीन. दोघांनी नको म्हटलं, त्यांचं हाताने.

आणि रिपोर्ट पुढे जायच्या आधी त्यांना वाचून दाखवायचा. वेळ जातो, वाचलेल्या वेळातला निम्मा तरी जातोच. परवा त्याच आजींना वाचून दाखवला, सुनेचं यावेळी नीट आलं होतं. आजी म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे, पण माझ्या गुडघ्याचं कुठंय?"

एवढा वेळ बोलल्या होत्या गुडघ्यावर, मशीनने एक ओळही लिहिली नव्हती. तिथेच पेनने लिहिलं.