कारण : चित्र काढणे

गावच्या शाळेच्या भिंतीवर शिवारातल्या पाण्याचा नकाशा काढायचा होता. रंगवायला सहा दिवस लागले. गाव नकाशाची नक्कल मिळायला सव्वादोन महिने. राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच सांगतो.

तालुक्याच्या ऑफिसातल्या नक्कल अर्जात एक रकाना होता, 'कशासाठी हवी'. मी सरळ लिहिलं, 'चित्र काढण्यासाठी'. खिडकीतल्या भाऊसाहेबांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा अर्ज वाचला. "खरेदी, कोर्ट, वारस, बँक, ह्यातलं काहीतरी लिहा ना." म्हटलं, ह्यातलं काहीच नाही. "मग साहेबांना विचारावं लागेल." साहेब मोजणीला गेलेले. गुरुवारी गेलो तर मीटिंगला. तिसऱ्या खेपेला कळलं की मूळ नकाशा जीर्ण झालाय. चौथ्या खेपेला माझा अर्जच सापडेना. पोच घेतली नव्हती, ती चूक माझी. तुम्ही पहिल्याच दिवशी शिक्का मारून घ्या. बाहेर झाडाखाली बसणारा एजंट कळवळून म्हणाला, "बँक कर्ज लिहायचं की ओ, कशाला खरं बोलता?" तिथे मात्र मी इरेला पेटलो.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट. नकाशा मागितलाच नाही. 'नक्कल मागताना कारण लिहिण्याची सक्ती ज्या नियमात आहे, त्याची प्रत द्यावी', एवढंच. गंमत म्हणजे 2005 च्या ह्या कायद्याच्या कलम 6(2) प्रमाणे माहिती मागणाऱ्याला कारण विचारताच येत नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. अकराव्या दिवशी फोन आला, "नक्कल तयार आहे, घेऊन जा." नियमाची प्रत काही आली नाही.

नक्कल झेरॉक्सवर मोठी करू नका. मी केली, कडेला ताणली गेली आणि ओढा शाळेतून वाहायला लागला. नकाशावर आणि भिंतीवर चौकटीच पाडा. आमचा जुना नकाशा मैलाला आठ इंच, म्हणजे इंचाला 660 फूट. एका इंचाचे भिंतीवर सहा इंच धरले, निळीत बुडवलेली दोरी ताणून फटकारली. गट नंबर, ओढे, शीव सगळं मिळतं. चढउतार तेवढा नसतो. तो सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 नकाशावरून घेतला, त्यात दर 20 मीटरला समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, असते. दोन्ही जुळवताना ओढ्यांचे संगम धरा. रस्ते बदललेले असतात.

विहिरी कुठे हे नकाशा सांगतो, कधी आटतात ते बायका. महिने विचारले तर गोंधळल्या. सण विचारले तर एकमेकींशी भांडायला लागल्या, तेव्हा कळलं, माहिती पक्की आहे. म्हणून सूचीत दिवाळी, संक्रांत, होळी, अक्षय्यतृतीया आणि बारमाही. आधी सगळ्याच विहिरी निळ्याच्या छटांत भरल्या होत्या. एक आत्या म्हणाल्या, "पोरा, निळं दिसलं की पाणी आहे असंच वाटणार बघ." मग दिवाळीलाच आटणाऱ्या पुसून नुसती रिकामी वर्तुळं ठेवली. 27 पैकी 9. भिंत एकदम उघडी पडल्यासारखी दिसली.

परवा शेजारच्या गावचे सरपंच आले होते, आमचाही काढून द्याल का म्हणून. म्हटलं, देतो की. नक्कल तेवढी तुम्ही आणा.