शाडूतील साओला : तिसरी नोंद

मागील नोंदीत तारेच्या सांगाड्यापर्यंत आलेले काम आता मान आणि चेहऱ्याच्या कोरीवकामापर्यंत पोहोचले आहे. प्रमाण एकास सहा धरल्यामुळे खांद्याशी सुमारे ८४ सेंटिमीटर उंच भरणारा साओला, म्हणजे व्हिएतनाम आणि लाओसच्या रानांतील हा दुर्मीळ, खुरांचा प्राणी, माझ्या पाटावर १४ सेंटिमीटरांचा झाला आहे. उन्हात ठेवल्याने मानेला भेग गेली होती. ती कागदाचा लगदा मिसळलेल्या शाडूने भरून मूर्ती आता सावलीत वाळत आहे.

सर्वांत जास्त वेळ शिंगांनी घेतला. सुमारे ५० सेंटिमीटर लांबीची, जवळजवळ समांतर आणि मागे झुकलेली ही शिंगे नर व मादी दोघांनाही असतात. शाडूची शिंगे दोनदा मोडल्यावर मी आतून पितळी तार घेतली. शिंगांबाबत तडजोड करायची नाही असे मी आधीच ठरवले होते, कारण मे १९९२मध्ये व्हिएतनाममधील वू क्वांगच्या जंगलालगत शिकाऱ्यांच्या घरांत संशोधकांना अशी शिंगे दिसली, तेव्हाच जगाला या प्राण्याची ओळख झाली. शिवाय तिकडच्या बोलीत ‘साओला’ हे नावही चरख्याच्या खांबांवरून पडलेले आहे.

चेहऱ्यावरचे पांढरे पट्टे कोरताना संदर्भांची टंचाई जाणवते. लाओसमधील लाक साओ येथे १९९६ साली पकडलेल्या मादीची छायाचित्रे मला सर्वांत उपयोगी पडली. ती माणसांजवळ शांत राही, मात्र कुत्र्यांना फार घाबरे, अशी नोंद आहे. तीन आठवड्यांच्या आत ती दगावली. मी मूर्तीची मान सैल आणि नजर खाली ठेवली आहे, ती या नोंदीमुळेच. रानातील शेवटचे छायाचित्र सप्टेंबर २०१३मध्ये क्वांग नाम प्रांतात स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपलेले आहे, आणि आज जगातील एकाही प्राणिसंग्रहालयात साओला नाही.

पाटावरच्या पट्टीवर ‘नामशेष’ लिहावे, असे एका जाणत्या स्नेह्याने सुचवले. पुष्कळ विचार करून मी ‘अतिसंकटग्रस्त’ हाच शब्द कोरला, कारण २००६पासून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत हाच दर्जा आहे, आणि व्हिएतनाम-लाओस सीमेवरील अन्नामाइट पर्वतरांगेतील सदाहरित, ओल्या, दुर्गम रानांचा पुरेसा शोध अजून झालेलाच नाही. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात शिकाऱ्यांच्या घरांतील अवशेषांवरून २६ साओलांचा तपशील मिळाला. त्यातून या प्राण्याचे दोन वेगळे गट असल्याचे दिसले, आणि दोन्ही गटांतील पुरेसे प्राणी हाती लागले तर बंदिस्त प्रजननाला आधार मिळेल, अशी शक्यताही पुढे आली. माझ्या मते ‘नामशेष’ हा शब्द घाईने लिहिला तर शोधासाठीचा पैसा आणि माणसे दोन्ही आटतील.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. पायांसाठी मी सायकलच्या ब्रेकची जुनी केबल वापरली, कारण तिच्या पिळांवर शाडू घट्ट धरतो. त्या रानांतील फासही बहुतांशी अशाच केबलचे असतात. रानडुकरे, भेकरे यांच्या मांसासाठी ते लावले जातात आणि कोणी मुद्दाम न शोधलेला साओलाही त्यांत अडकतो. केवळ ह्वे आणि क्वांग नाम येथील साओला अभयारण्यांतून गस्ती पथकांनी एक लाखाहून अधिक फास काढले आहेत. उरलेल्या केबलच्या तुकड्याचा फास करून तो मूर्तीच्या पुढच्या उजव्या खुराशेजारी, पालापाचोळ्याखाली अर्धवट दिसेल असा बसवणार आहे. रंगकाम त्यानंतरच सुरू होईल.