जॉन गँटच्या नजरेतला ऑडी मर्फी

१९५९ साली आलेल्या ‘नो नेम ऑन द बुलेट’ या वेस्टर्न चित्रपटात जॉन गँट नावाचा भाडोत्री मारेकरी लॉर्ड्सबर्ग गावात घोड्यावरून एकटाच येतो, हॉटेलात खोली घेतो आणि पुढे बराच वेळ काहीही करत नाही. तो कोणाला मारायला आला आहे हे गावात कोणालाच ठाऊक नसते. मात्र ज्याने ज्याने आयुष्यात कधी कोणाचा घात केलेला असतो, त्याला वाटते की हा आपल्यासाठीच आला आहे. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते असे! बँकेचा मालक तर त्या भीतीनेच स्वतःला संपवतो. दिग्दर्शक जॅक अर्नोल्ड हे विज्ञानपटांतील अक्राळविक्राळ प्राण्यांसाठी प्रसिद्ध होते, परंतु त्यांनी पडद्यावर आणलेल्या कोणत्याही प्राण्यापेक्षा मला या कोवळ्या चेहऱ्याच्या, हळू बोलणाऱ्या माणसाची अधिक भीती वाटते.

गँटची भूमिका करणारा हा नट म्हणजे ऑडी मर्फी. टेक्सासमधल्या एका गरीब, खंडाने शेती करणाऱ्या कुटुंबातला हा मुलगा. वडील घर सोडून गेले, १९४१ साली आई वारली, आणि पुढच्याच वर्षी बहिणीच्या मदतीने कागदोपत्री वय वाढवून तो सैन्यात भरती झाला. त्याची अंगकाठी इतकी किरकोळ होती की मरीन दलाने त्याला आधीच नाकारले होते. सिसिली, अँझिओ आणि दक्षिण फ्रान्स असा लढत लढत तो २६ जानेवारी १९४५ रोजी अल्सास प्रांतातील होल्ट्झविर गावाजवळ पोहोचला होता. जर्मन रणगाडे आणि पायदळ चालून आल्यावर त्याने आपल्या तुकडीला मागे जंगलात पाठवले आणि टेलिफोनवरून तोफखान्याला मारा कोठे करायचा हे सांगत तो स्वतः पुढेच थांबला. त्यानंतर, पेटलेल्या आणि कोणत्याही क्षणी स्फोट होईल अशा एका रणगाडाविरोधी वाहनावर चढून, पायाला जखम झालेली असतानाही, त्याने त्यावरच्या मशीनगनने सुमारे तासभर शत्रूला रोखून धरले. तेव्हा त्याचे वय अवघे १९ होते. या पराक्रमासाठी त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. युद्ध संपले तेव्हा अमेरिकी लष्कराचा शौर्याचा जवळजवळ प्रत्येक सन्मान त्याच्या नावावर होता.

‘लाइफ’ नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे छायाचित्र पाहून अभिनेता जेम्स कॅग्नी यांनी त्याला हॉलिवूडला बोलावले. तेथे त्याने १९५० साली बिली द किड आणि जेसी जेम्स हे दोन्ही कुप्रसिद्ध गुन्हेगार रंगवले, तर १९५५ साली ‘टू हेल अँड बॅक’मध्ये स्वतःचीच भूमिका केली. त्याला अभिनय येत नाही, असे पुष्कळांचे मत होते आणि तो स्वतःही आपल्या अभिनयाला फार कमी लेखत असे. मला हे मत मुळीच मान्य नाही. निदान गँटच्या बाबतीत तरी ते साफ चुकीचे आहे.

गावातल्या डॉक्टरबरोबर गँट बुद्धिबळ खेळतो तो प्रसंग नीट पाहावा. डॉक्टरच्या चेहऱ्यावर कुतूहल, संताप, थोडीशी आपुलकी असे सगळे एकामागून एक उमटत जाते. मर्फी मात्र जवळजवळ हलत नाही. नवखा नट अशा जागी डोळे बारीक करील, ओठ आवळील, आपण किती धोकादायक आहोत हे दाखवण्याची खटपट करील. मर्फी त्यातले काहीच करत नाही, कारण माणूस मारणे म्हणजे काय हे त्याला कोणाला पटवून द्यायचे नसते. गँटची रीतही लक्षात घेण्यासारखी आहे: तो समोरच्याला डिवचून आधी बंदूक काढायला लावतो, त्यामुळे प्रत्येक हत्या स्वसंरक्षण ठरते आणि कायद्याला त्याच्यावर हात टाकता येत नाही. ज्या हातांनी केलेल्या संहाराला देशाने पदके दिली, त्याच हातांना कायद्यात बसणारी हत्या करताना पाहिले की मी अस्वस्थ होतो, आणि ती अस्वस्थता पटकथेपेक्षा मर्फीच्या तेथे असण्यातूनच येते, असे मला वाटते.

युद्धाने त्याला आयुष्यभर सोडले नाही. त्याला झोप येत नसे, उशीखाली तो भरलेले पिस्तूल ठेवत असे, आणि झोपेच्या गोळ्यांचे व्यसन लागल्यावर त्याने स्वतःला एका मोटेलच्या खोलीत कोंडून घेऊन ते सोडवले. सैनिकांच्या मनावरच्या अशा जखमांविषयी तो पुढे उघडपणे बोलला. त्या काळात पदकविजेत्या वीराने हे बोलणे मला होल्ट्झविरइतकेच धैर्याचे वाटते. २८ मे १९७१ रोजी व्हर्जिनियातील एका डोंगरावर झालेल्या विमान अपघातात तो गेला.

चित्रपटाचा शेवट येथे सांगतो आहे. ज्यांना तो स्वतः पाहायचा असेल त्यांनी येथेच थांबावे. गँटचे सावज असतो एक वृद्ध, क्षयाने खंगलेला न्यायाधीश, आणि तो गँटची गोळी न लागताच मरतो. संतापलेल्या डॉक्टरने फेकलेल्या हातोड्याने गँटचा हात निकामी होतो. ज्या हातावर त्याचे सारे आयुष्य उभे असते तोच लुळा हात घेऊन तो घोड्यावर बसतो आणि गावाबाहेर पडतो. त्या क्षणी मर्फीच्या चेहऱ्यावर ना वेदना दिसते, ना पराभव. दिसतो तो फक्त, कितीतरी वर्षे झोप न मिळालेल्या माणसाचा थकवा.